हातखंब्याची चुकलेली गाडी

“ग्रामदर्शन-मंडळी रविवारी हातखंबा जंक्शनवर सायंकाळच्या लोकलसाठी उपस्थित असता, स्थानिक कार्यवाह श्रीमती दमयंतीबाई आगाशे यांच्या अक्षम्य हयगयीमुळे मंडळींची गाडी चुकली. सबब तीन दिवसांची पदयात्रा पहिल्याच दिवशी सोडून देणे भाग पडले.”

रत्नभूमी उत्कर्ष मंडळ, गिरगाव, यांच्या एकोणीसशे एकोणतीस सालच्या अहवालातले हे वाक्य आहे, आणि त्यात पुष्कळ सत्य आहे. रविवार होता. सायंकाळ झाली होती. मंडळी उपस्थित होती. हातखंबा हे गाव तर आहेच आहे. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारा मोठा रस्ता आणि रत्नागिरीहून घाटावर चढणारा रस्ता तिथे एकमेकांना भेटतात, आणि त्यांच्या भेटीवर चार दुकाने जगतात. दमयंतीबाई आगाशे यांच्याही अस्तित्वाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. इतक्या अस्सल मुद्देमालात नव्हती ती फक्त लोकल. तशीच तिला थांबायला लागणारे जंक्शनही नव्हते. लोखंडी रूळ म्हणून जो पदार्थ असतो, तो हातखंब्यातच काय, उभ्या रत्नागिरी जिल्ह्यात तोळाभरही अंथरलेला नव्हता.

आपल्या नैयायिकांनी अभावाचा विचार करण्यात शतके घालवली आहेत. घडा घडण्यापूर्वी मातीत त्याचा असतो तो प्रागभाव. वाऱ्याला रंग नसतो तो अत्यंताभाव. रत्नागिरीच्या रेल्वेचे शास्त्रीय स्थान या दोहोंच्या मधोमध कुठेतरी आहे. सरकारी टिपणांत तिचा प्रागभाव असतो, कारण ती येणार आहे; चालणाऱ्याच्या पायांना मात्र तिचा अत्यंताभाव जाणवतो. परंतु जी गाडी नाही ती चुकू शकते, आणि ती चुकल्याचा अपराध एका बाईच्या पदरात टाकता येतो, हा अभावाचा नवा प्रकार शोधण्याचा मान गिरगावातील मंडळाकडेच जातो. न्यायशास्त्राची माहेरघरे म्हणवणाऱ्या मिथिलेला आणि नवद्वीपाला हे सुचले नाही. तिथे कार्यकारिणी नव्हती.

अहवालाबरोबर एक ठराव आला होता. दमयंतीबाईंनी तो शाळेच्या पडवीत उभ्यानेच वाचला. “श्रीमती आगाशे यांस कार्यवाहपदावरून, व तदनुषंगाने मंडळाच्या कन्याशाळेच्या मुख्याध्यापिकेच्या जागेवरून, का दूर करू नये याची चौकशी अध्यक्ष रावसाहेब महिपतराव शिरगावकर व दोन सभासद रत्नागिरीस येऊन करतील. योग्य इसम मिळेपर्यंत शाळा तूर्त बंद ठेवावी.”

त्यांनी शेवटचे वाक्य पुन्हा वाचले. मंडळाच्या भाषेत ‘तूर्त’ हा कालवाचक शब्द किती लांबतो, हे त्यांना ठाऊक होते. मंडळाने रत्नागिरीत बांधायचे ठरवलेले सभागृह तूर्त एका जांभ्या दगडाच्या चौथऱ्यावर थांबले होते आणि त्या चौथऱ्यावर आता शेजाऱ्यांची आमसोले वाळत. शाळा बंद पडली तर मुली घरी जातील, आणि घरी गेलेली मुलगी पुन्हा पाटी घेऊन येत नाही. स्वतः दमयंतीबाई शाळेच्याच मागच्या खोलीत राहत. ती सुटली की देवरुखला दिराचे घर होते. तिथे नवरा वारलेल्या वहिनीसाठी चुलीजवळची जागा नेहमीच राखून ठेवलेली होती. अगदी कोणत्याही परीक्षेवाचून मिळणारी, आणि कोणत्याही राजीनाम्याने न सुटणारी.

या सर्व प्रकाराला कारण झाली ती मुंबईतील तरुणांची एक निरागस हौस. रविवारी सकाळी लोकलने शहराबाहेरच्या एखाद्या स्टेशनावर उतरायचे, गावावरून गाव चालत जायचे, विहिरीचे पाणी प्यायचे, शेतकऱ्याला शेतीविषयी उपदेश करायचा, आणि पाय दुखू लागले की पुढच्या स्टेशनावरून परतीची लोकल धरायची. मंडळाच्या तरुण शाखेला वाटले, हेच आपण पूर्वजांच्या भूमीत का करू नये? तीन दिवस, खेड्यावरून खेडे. थकल्यावर लोकल आहेच. कार्यकारिणीने एक पोटसमिती नेमली. तिच्यात तीन सभासद होते, आणि तिघेही कोकणात जन्मलेले: अध्यक्ष रावसाहेब स्वतः रत्नागिरीजवळच्या हातखंब्याचे, भिकाजीपंत हेदवकर गुहागरकडचे, आणि हरिश्चंद्रशेठ मुरुडकर हर्ण्याचे. तिघांनी तीन बैठकांत एक योजना सिद्ध केली आणि ती छापली.

पुस्तिका देखणी होती. पहिल्या दिवशी रत्नागिरी बंदरावर उतरून पायी हातखंबा. सायंकाळी हातखंबा जंक्शनवरून लोकलने गुहागर. दुसऱ्या दिवशी नारळी-पोफळीच्या बागांतून पायी दाभोळच्या खाडीपर्यंत, व तेथून लोकलने हर्णे. तिसऱ्या दिवशी हर्ण्याच्या आसपासची गावे पायी, संध्याकाळी मासळीचा लिलाव, मग बोट. शेवटी नकाशा होता. रेल्वे दाखवायची ती काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची रेघ त्यावर हातखंब्याहून निघून जयगडची खाडी आणि दाभोळची खाडी अशी लीलया ओलांडत होती, की सेतू बांधताना वानरांना इतके कष्ट का पडले असावेत, याचे वाचणाऱ्याला नवल वाटावे.

पुस्तिका रत्नागिरीस पोचली त्याच दिवशी दमयंतीबाईंनी उत्तर धाडले: जिल्ह्यात रेल्वे नाही, तरी योजना बदलावी. परत टपालाने अध्यक्षांचा खुलासा आला. “आपले पत्र पावले. स्टेशनाची नेमकी जागा आपणांस ठाऊक नसल्यास एखाद्या माहीतगार गृहस्थाकडून विचारून घ्यावी. स्त्रियांना प्रवासाचा प्रसंग कमी येतो, हे मंडळ जाणून आहे.”

वरिष्ठांची आज्ञा म्हणून दमयंतीबाईंनी माहीतगार गृहस्थ गाठले. शेजारी आप्पा राहत. दिवाणी कोर्टाचे बेलिफ म्हणून समन्स बजावत त्यांची हयात गेली होती.

“आप्पा, हातखंब्याचं स्टेशन कुठं आहे?”

आप्पांनी तंबाखू मळायची थांबवली. “बरं आहे ना तुमचं, बाई?”

“मंडळानं विचारलंय.”

“मग मंडळाला कळवा, की जिल्ह्यातल्या एकूण एक गावात मी समन्स घेऊन गेलोय आणि प्रत्येक गावात शिव्या खाल्ल्यात. घरात खाल्ल्या, खळ्यात खाल्ल्या, खाडीच्या तरीत बसून खाल्ल्या. स्टेशनावर मात्र एकदाही खाल्लेल्या नाहीत. असतं, तर सोडलं नसतं मला लोकांनी.”

हा पुरावा दमयंतीबाईंनी शिव्यांचा तपशील वगळून कळवला. त्याला उत्तर आले नाही. आली ती सूचना: मंडळींस गाडीत खाण्यासाठी दशम्या बांधून द्याव्यात, व त्यांस वेळेवर स्टेशनावर पोचवावे.

मंडळी बोटीने आली. पडावातून किनाऱ्याला लागताना त्यांचा पुढारी रावजी, जो रावसाहेबांचा भाचा होता, गळ्यातली शिट्टी वाजवून खलाशांना हुकूम देत होता, आणि खलाशी त्याच्याकडे अशा कौतुकाने पाहत होते, जशी माणसे बोलका पोपट पाहतात.

“बाई, आपल्याला वेळ गमावून चालणार नाही,” रावजी म्हणाला. “हातखंब्याची लोकल गाठायची आहे.”

“हातखंब्याला लोकल येत नाही.”

“लेट असते?”

“येतच नाही.”

“आज रविवार, म्हणून?”

“रावजी, इथं रेल्वेच नाही. कोणत्याच वारी नाही.”

रावजीने पाठपिशवीतून पुस्तिका काढली, नकाशा उघडला आणि काळ्या-पांढऱ्या रेघेवर बोट टेकवले. “हे छापलंय, बाई.” मग तो मृदू झाला. “तुमचा काही दोष नाही. शहराबाहेर जाणं होत नसेल तुमचं.”

छापील अक्षरावर एवढी श्रद्धा आपल्या मुलींची असती, तर त्या केव्हाच मॅट्रिक झाल्या असत्या, असे दमयंतीबाईंच्या मनात आले. मंडळी गाणी म्हणत रस्त्याला लागली. दमयंतीबाईंनी धोंडू गाडीवानाला बोलावले, दोन बैलगाड्या जुंपायला सांगितल्या, त्यांत गवत आणि घोंगड्या टाकल्या आणि दशम्यांचे गाठोडे मांडीवर घेऊन त्याही मागोमाग निघाल्या.

हातखंब्याला पोचल्या तेव्हा ऊन कलले होते. तिठ्यावर विठूचे चहाचे दुकान होते. त्याच्या समोरच्या कातळावर मंडळी ओळीने बसली होती, पिशव्या पायांशी, नजरा क्षितिजाकडे. रावजी विठूची उलटतपासणी घेत होता.

“अहो, स्टेशन कुठंय?”

“कंचा ठेसन?”

“रेल्वेचं. जंक्शन.”

विठूने चारी दिशांना प्रामाणिकपणे पाहिले. “हितं तर रस्ताच हाय वो. ह्यो पालीला जातो, त्यो रत्नांग्रीला.”

“पण गाडी कुठं थांबते?”

“गाडी व्हय? माज्याच दारात थांबते की. बैलांना पानी दावतात.”

“आगगाडी!”

“ती आमच्या आज्याच्या वक्तापास्नं येनार हाय,” विठू म्हणाला. “बसा वाईच. तुमीपन बसा. आजा बसला, बापूस बसला, आमी बसलोय.”

“तिकीट कुठं मिळतं तेवढं सांगा.”

“तिकीट नाय. भजी हायत.”

मंडळींनी भजी घेतली. लांबून एखाद्या मोटारीचा भोंगा वाजला, की सगळे पिशव्या उचलून उभे राहत आणि मोटार धूळ उडवून गेली, की बसत. विठूच्या दुकानातली माणसे हा उठण्याबसण्याचा विधी आदराने पाहत होती; एका म्हाताऱ्याने तर हे कोणत्या देवाचे व्रत, असेही विचारले. दमयंतीबाई दोनदा रावजीकडे जाऊन, गाडीत बसा, म्हणाल्या. दोन्ही वेळा त्याने सांगितले, की कार्यक्रमात बैलगाडी नाही. दिवेलागण झाली. कातळ गार पडला. मंडळींपैकी एकाने अखेर बूट काढले, पायाचे फोड पाहिले, आणि कुणाला न विचारता गवतावर जाऊन आडवा झाला. मग बाकीचे उठले. रावजी शेवटी उठला. गाडीत बसताना तो दमयंतीबाईंना म्हणाला, “तुम्ही आधी नीट सांगायला हवं होतं.”

अहवालातली ‘अक्षम्य हयगय’ ती हीच.

आता विचारी वाचक विचारील, की जन्माने, वाणीने आणि मासळीच्या आवडीने अस्सल कोकणी असलेल्या तीन प्रौढ गृहस्थांना, आपल्या जिल्ह्यात आगगाडी नाही, एवढे कसे ठाऊक नव्हते? या प्रश्नाचे उत्तर भूगोलात नाही. आमच्या जाण्यायेण्याच्या रीतीत आहे. रत्नागिरीचा माणूस मुंबईला जातो तो रत्नागिरीच्या बंदरातून. गुहागरचा जातो दाभोळहून, हर्ण्याचा हर्ण्याहून. बोट किनाऱ्याकिनाऱ्याने जाते आणि प्रत्येक बंदरात आपापली माणसे उचलते; पण डेकवर वळकटी टाकून पडलेला माणूस दुसऱ्याच्या बंदरात मान वर करतो तो फक्त, अजून कितीजण चढून आपली जागा खाणार, हे पाहण्यासाठी. शेजारचा मुलूख त्याला अंधारातल्या चार दिव्यांपुरता माहीत. मधल्या खाड्यांपलीकडे त्याची सोयरीक नसते, शेत नसते, कोर्टातला दावाही नसतो. सात समुद्रांपलीकडे आगबोटीवर कोळसा ओढून आलेला आमचा खलाशी पाहा. तो एडनची बाजारपेठ डोळ्यांसमोर उभी करील, पण दोन खाड्या ओलांडून पलीकडे काय पिकते, हे त्याला सांगता येणार नाही. तेव्हा आपल्या गावाबद्दल प्रत्येकाला पक्के ज्ञान होते, आणि दुसऱ्याच्या गावाबद्दल पक्की श्रद्धा. इथवर त्यांना क्षमा आहे. श्रद्धा हा गुन्हा नव्हे. पुढे जे घडले, त्याला मात्र शास्त्रात दुसरे नाव आहे.

चौकशीचा दिवस उजाडला. तिघे बोटीने आले. शाळेच्या मोठ्या खोलीत मुलींचे बाक भिंतीला सारून मेज मांडले होते. रावसाहेब मधल्या खुर्चीत बसले. अंगात लांब कोट, डोक्याला पगडी, आणि चेहऱ्यावर न्यायासनाला शोभणारे दुःख. उजवीकडे हरिश्चंद्रशेठ, हातात चांदीच्या मुठीची काठी. डावीकडे भिकाजीपंत, बोट लागल्यामुळे त्यांचा रंग अजून परतला नव्हता आणि त्यांच्यापुढे लिंबाच्या सरबताचा पेला होता.

“सभेचं इतिवृत्त कोण लिहिणार?” रावसाहेबांनी विचारले.

“मी,” दमयंतीबाई म्हणाल्या. “रत्नागिरीत भरणाऱ्या मंडळाच्या प्रत्येक सभेचं इतिवृत्त स्थानिक कार्यवाहानं लिहावं, असा मंडळाचाच नियम आहे.”

“पण चौकशी तुमचीच आहे.”

“नियमात अपवाद नाही, रावसाहेब. आपणच केलाय तो नियम.”

रावसाहेबांनी शेठांकडे पाहिले. शेठांनी मान डोलावली. नियम मोडण्यापेक्षा आरोपीच्या हातात लेखणी देणे त्यांना कमी धोक्याचे वाटले. माणसे अशीच सावध असतात.

रावसाहेबांनी आरोप वाचला. दमयंतीबाईंनी तो लिहून घेतला, टीपकागद दाबला आणि विचारले, “एक शंका आहे. आपण तिघे आज कशानं आलात?”

“बोटीनं. का?”

“गाडीनं का नाही?”

“समुद्राची हवा प्रकृतीला मानवते,” हरिश्चंद्रशेठ म्हणाले. भिकाजीपंतांनी पेल्यात पाहिले.

“अहो बाई, इथं प्रश्न तुम्ही विचारायचे नाहीत,” रावसाहेब म्हणाले. “लोकलची वेळ झाली तेव्हा मंडळींना तुम्ही स्टेशनावर नेलंत का, एवढंच सांगा.”

“नाही नेलं. मला कबूल आहे.”

तिघेही किंचित सैल झाले. शेठ तर कौतुकाने म्हणाले, “पाहा, सरळ बोललं की कसं लवकर आटपतं.”

“म्हणूनच मी राजीनामा लिहून ठेवलाय.” दमयंतीबाईंनी एक घडी केलेला कागद मेजावर ठेवला. “कार्यवाहपदाचा आणि शाळेचाही. किल्ल्या त्याच्यावर ठेवते. फक्त स्थळपाहणी तेवढी उरकू. गुन्हा जिथं घडला ती जागा पाहिल्याशिवाय चौकशी पुरी होत नाही. धोंडूच्या गाड्या दारात जुंपून उभ्या आहेत. रावसाहेब आपलं हातखंब्याचं जंक्शन आम्हांला दाखवतील. तिथून लोकलनं गुहागर. तिथलं स्टेशन भिकाजीपंत दाखवतील. मग हर्णे. तिन्ही स्टेशनं डोळ्यांनी पाहिली, की हा कागद आपला, किल्ल्या आपल्या.”

बाहेर बैलाने मान हलवली. घुंगरांचा आवाज खोलीत आला.

“एवढ्या उन्हात?” रावसाहेब म्हणाले.

“माघातलं ऊन आहे.”

“नाही, म्हणजे...” रावसाहेबांचा चेहरा उजळला. “सुरुवात गुहागरपासून का करू नये? तिथली सोय उत्तम आहे, असं पंतांनीच सांगितलं होतं.”

भिकाजीपंतांनी पेला खाली ठेवला. “छे, छे! गुहागरचं काय एवढं! हर्णे आधी पाहावं. हर्ण्याला केव्हाची गाडी आहे. शेठ, तुम्हीच म्हणाला होतात ना, की तुमच्याकडची गाडी जुनी?”

“जुनी आहे, म्हणूनच म्हणतो, काय पाहायचंय तिच्यात?” शेठ काठीशी चाळा करू लागले. “पहिला मान जिल्ह्याच्या ठिकाणाचा. जंक्शन म्हणजे जंक्शन. रावसाहेब, चला की.”

“तुमच्या हर्ण्याचा मान मी कसा हिरावून घेऊ?”

“नाही हो, तुम्ही अध्यक्ष!”

“पंत वयानं वडील आहेत.”

“वय कुठं आलं यात? मला अजून मळमळतंय.”

दमयंतीबाई लिहीत होत्या. त्यांच्या हस्ताक्षराला बक्षीस मिळालेले होते, आणि आज ते विशेष सुरेख उठत होते. परस्परांना पुढे करण्याची ही चढाओढ कुणा परक्याने पाहिली असती, तर कोकणी माणसाच्या विनयावर त्याने प्रबंध लिहिला असता. तिघांच्याही डोळ्यांत मात्र एक गोष्ट खरी होती. प्रत्येकजण इतर दोघांकडे आशेने पाहत होता. दुसऱ्याचे स्टेशन निघाले, की आपल्या स्टेशनाची चौकशी कुणी करणार नाही, हा तो विश्वास.

“भिकाजीपंत,” दमयंतीबाईंनी हळूच विचारले, “हर्ण्याची गाडी आपण पाहिली आहे?”

“मी? मी कशाला हर्ण्याला जातोय? पण आहे ना. शेठनी भर समितीत सांगितलं.”

“आणि शेठ, आपण गुहागरची?”

“पंतांनी सांगितलं की! मुबलक सोय आहे, म्हणाले. एवढा जुना सभासद. माणसावर विश्वास ठेवावाच लागतो, बाई.”

“लिहिते. ‘शेठ यांचा पंतांवर विश्वास आहे. पंतांचा शेठ यांच्यावर आहे.’ आता पंत, गुहागरची गाडी तरी आपण पाहिली असेल. आपलंच गाव.”

भिकाजीपंतांनी सरबत संपवले. पेला रिकामा झाल्यावरही तो तोंडाला लावून ठेवला. मग ते एकदम शेठांकडे वळले. “शेठ, खरं सांगा. हर्ण्याला गाडी आहे ना?”

“तुम्ही आधी सांगा, गुहागरला आहे ना?”

“मी आधी विचारलं.”

“पंत, तुम्ही ‘मुबलक’ म्हणाला होतात!”

“तुम्ही ‘केव्हाची’ म्हणाला होतात!”

दोन वृद्ध सभासद एकमेकांकडे पाहत राहिले. मग, एकाच क्षणी, त्यांच्या माना मधल्या खुर्चीकडे वळल्या. पंतांचा स्वर जवळजवळ विनवणीचा होता. “रावसाहेब, निदान हातखंब्याला तरी?”

रावसाहेबांनी पगडी सारखी केली. “सभा तहकूब करावी, असं मला वाटतं.”

“करावी,” दमयंतीबाई म्हणाल्या. “पण तहकुबीचं कारण लिहावं लागतं. ‘अध्यक्षांस स्वतःच्या गावचे स्टेशन दाखवता आले नाही’, असं लिहू?”

“तसं नका लिहू. ‘काही गैरसमज झाला’, असं लिहा.”

“कुणाचा?”

“मंडळाचा म्हणा. सर्वसाधारण.”

“माझ्या हयगयीचं नाव-गाव अहवालात आहे, रावसाहेब. गैरसमजालाही नाव-गाव पाहिजे. नाही तर स्थळपाहणी करू. आपण दाखवा, मी राजीनामा देते. त्यापेक्षा सोपं मी काय करू?” त्यांचा आवाज चढला नव्हता. वर्गात हात पुढे करायला सांगताना तो जसा असे, तसाच तो होता. “शाळा बंद करायची, तर माझ्या चुकीसाठी करा. न आलेल्या आगगाडीसाठी करू नका. मुली विचारतील मला. काय सांगू त्यांना, कुठल्या गाडीनं त्यांची शाळा नेली?”

बाहेर धोंडूने जू उतरवायचे का म्हणून हाक मारली. दमयंतीबाईंनी, थांब, म्हणून सांगितले.

“आरोप मागे घेतला,” रावसाहेब शेवटी म्हणाले. “शाळा चालू राहील. झालं?”

“लिहिलं. कारण?”

“कारण पाहिजेच?”

“अहवालात माझ्यामुळे गाडी चुकली, असं छापलंय. पुढच्या अहवालात ती कशी चुकली, हे छापायला नको?”

शेठ काठीच्या मुठीकडे पाहत होते आणि पंत पेल्याच्या तळाकडे. त्या दोघांपैकी कुणीही, समितीच्या बैठकीत आधी कोण खोटे बोलला, हे सांगायला पुढे झाला नाही. आणि खरे पाहता, आधी कोण, याला महत्त्वही नव्हते. रावसाहेबांनी खिडकीबाहेर पाहिले, घसा साफ केला, आणि मंडळाच्या इतिहासात प्रथमच एखाद्या प्रश्नाचे सरळ उत्तर दिले. दमयंतीबाईंनी ते शब्दाला शब्द लावून उतरवले, मोठ्याने वाचून दाखवले आणि सहीसाठी पुढे सरकवले. रावसाहेबांनी ‘म्हणून’च्या जागी ‘तथापि’ चालेल का, असे विचारले. चालणार नव्हते. त्यांनी सही केली. इतिवृत्तातला तो मजकूर असा:

“हातखंब्याला स्टेशन नाही, हे मला कळायला लागल्यापासून ठाऊक आहे. पण पंत म्हणाले, गुहागरला गाडी आहे. शेठ म्हणाले, हर्ण्याला आहे. मी रत्नागिरीचा, जिल्ह्याच्या ठिकाणचा, आणि वर मंडळाचा अध्यक्ष. सगळीकडे गाडी आली आणि आमच्याकडेच तेवढी नाही, हे त्या दोघांच्या देखत मी कोणत्या तोंडानं सांगणार होतो? म्हणून मी नुसतं स्टेशन नाही सांगितलं, जंक्शन सांगितलं.”